रूझवेल्ट हे आडनाव: उगम, स्थलांतर आणि दोन शाखा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेला थिओडोर आणि फ्रँकलिन हे दोन राष्ट्राध्यक्ष देणारं रूझवेल्ट घराणं मूळचं डच. सतराव्या शतकाच्या मध्यावर एक साधा शेतकरी न्यू ॲम्स्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, येऊन राहिला आणि त्याच्या एका मुलापासून हा सगळा वंश वाढला. घराणं मोठं झाल्यावर त्याच्या मुळाबद्दल कंड्याही पुष्कळ पिकल्या. ज्यांना कुलवृत्तांत वाचण्याची आणि जुळवण्याची आवड आहे, अशा मंडळींकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कागदावर काय टिकतं आणि ऐकीव काय आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगितलं आहे, कारण या आडनावाच्या बाबतीत तीच गल्लत सर्वात जास्त होते.

या आडनावाचा अर्थ काय?

डच भाषेत 'रोस' म्हणजे गुलाब आणि 'वेल्ड' म्हणजे शेत किंवा माळरान. 'व्हान' म्हणजे अमुक ठिकाणचा. म्हणून 'व्हान रोझनवेल्ट' म्हणजे रोझनवेल्ट नावाच्या जमिनीवरचा माणूस. घराण्याच्या चिन्हावरही गुलाबच आहेत.

मूळ पुरुषाचं पूर्ण नाव क्लास मार्टेन्सन व्हान रोझनवेल्ट. ते फोडून पाहिलं की मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. क्लास हे त्याचं स्वतःचं नाव, निकोलासचं घरगुती रूप. मार्टेन्सन म्हणजे मार्टेनचा मुलगा. शेवटी ठिकाणाचं नाव. सात-बाराच्या उताऱ्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि '-कर' लागलेलं आडनाव असतं, तशीच ही मांडणी आहे. फरक इतकाच की त्या काळच्या डच कारकुनाला पहिली दोन नावं पुरत. तिसरं तो गरज पडली तरच लिही. म्हणजे जे आडनाव पुढे जगभर गाजलं, तो नावातला ऐच्छिक भाग होता! जुन्या डच वह्यांत नुसतं आडनाव शोधणाऱ्याला म्हणूनच माणूस सापडत नाही. त्याला आधी बापाचं नाव शोधावं लागतं.

नावात 'व्हान' आहे, म्हणजे घराणं सरदारांचं का?

नाही. सरदारकीची खूण समजल्या जाणाऱ्या जर्मन 'फॉन'वरून हा समज आला आहे. डच 'व्हान' कुणालाही लागतो, शेतकऱ्याला, सुताराला, खलाशाला. नेदरलँड्समध्ये तर यादी लावताना 'व्हान' सोडून पुढच्या शब्दावरून नाव लावतात. बेल्जियममध्ये मात्र ते 'व्ह'खाली जातं. दोन्हीकडच्या नोंदी चाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं नाही, तर समोरचं नाव हुकतं.

पहिला रूझवेल्ट अमेरिकेत केव्हा उतरला?

थिओडोर रूझवेल्ट यांनी आत्मचरित्रात १६४४ च्या सुमाराचा काळ दिला आहे. संशोधकांचा कल १६४९ च्या आसपासच्या काळाकडे आहे. पक्की खूण मिळते ती ऑक्टोबर १६५० ची. न्यू ॲम्स्टरडॅमच्या डच रिफॉर्म्ड, म्हणजे डच प्रोटेस्टंट, चर्चच्या वहीत क्लास आणि त्याची बायको यानेत्ये यांच्या क्रिस्टियान या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. त्यानंतर पुढची मुलं त्याच वहीत ओळीने येतात. शेवटचा १६५८ मधला निकोलास, आणि तोच महत्त्वाचा, कारण वंश त्याच्यापासून चालला.

त्या काळात न्यू नेदरलँडकडे, म्हणजे न्यू ॲम्स्टरडॅम ज्या डच वसाहतीत होतं तिकडे, जाणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्या फार थोड्या उरल्या आहेत. त्यामुळे 'अमुक जहाजातून अमुक तारखेला उतरला' असं वाक्य कुठे दिसलं तर सावध व्हावं. बाप्तिस्म्याची वही हाच खरा आधार. अशा वह्यांत तारीख, बापाचं नाव, मुलाचं नाव आणि साक्षीदार एवढंच असतं. आईचं नाव कित्येकदा नसतंच. पण साक्षीदारांकडे नीट पाहावं. ते बहुधा नातलग किंवा शेजारी असत, आणि माणूस कोणत्या गोतावळ्यातला हे त्यांच्यावरूनच उमगतं. क्लासला काही नोंदींत 'छोटा क्लास' असंही म्हटलेलं आहे. बुटका होता म्हणून, की गावात दुसरा थोराड क्लास होता म्हणून, हे वही सांगत नाही. तरी त्या दोन शब्दांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस एकदम जवळचा वाटतो.

त्याचं शेत कुठे होतं?

लॅम्बर्ट व्हान व्हाल्केनबुर्ख या शेतकऱ्याकडून क्लासने १६५२ च्या सुमारास जमीन घेतली. क्षेत्र २४ मॉर्गन, म्हणजे साधारण ४८ एकर. मॉर्गन हे त्या काळचं डच माप, साधारण दोन एकरांचं. हे शेत आजच्या मॅनहॅटनच्या मध्यभागी, फिफ्थ अव्हेन्यू आणि लेक्झिंग्टन अव्हेन्यू यांच्या दरम्यान, साधारण २९व्या ते ३५व्या रस्त्यापर्यंत होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंग याच परिसरातली. क्लासच्या वेळी मात्र वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाला एकवटलेली होती आणि हे शेत पार गावाबाहेर पडत होतं.

क्लास १६५९ च्या सुमारास वारला आणि पाठोपाठ यानेत्येही गेली. मुलं लहान होती. पोरक्या मुलांच्या मालमत्तेवर देखरेख करणारे अधिकारी न्यू ॲम्स्टरडॅममध्ये होते. तान्ह्या निकोलासचे आईबाप तो जाणता होण्याआधीच गेले, शेतही घराण्याकडे राहिलं नाही. मॅनहॅटनच्या जमिनीवर रूझवेल्ट श्रीमंत झाले, अशी जी गोष्ट सांगतात तिला या शेताचा आधार नाही.

तोलेन बेटावरचं आउड-व्होसेमेर हे मूळ गाव आहे का?

नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात तोलेन नावाचं बेट आहे आणि त्यावर आउड-व्होसेमेर हे गाव. तिथे रोझेवेल्ट नावाची जमीन होती आणि त्याच नावाचं एक मानकरी घराणंही होतं. रूझवेल्टांचे पूर्वज इथलेच, असं गाव अभिमानाने सांगतं. दावा पटण्याजोगा आहे: नाव जुळतं, काळही जुळतो.

पण न्यू ॲम्स्टरडॅमचा क्लास आणि तोलेनचं घराणं यांना जोडणारा एकही कागद पुढे आलेला नाही. गुलाबाचं शेत अशा अर्थाची जागा नेदरलँड्समध्ये एकाच ठिकाणी असेल, असंही धरून चालता येत नाही. शिवाय मानकऱ्यांच्या जमिनीवर राबणारं कूळसुद्धा दूरदेशी गेल्यावर 'रोझेवेल्टचा' म्हणूनच ओळखलं जाई. नाव जमिनीचं, ते मालकालाही लागे आणि गड्यालाही.

ही वाट पुढे अडते त्याला एक दुःखद कारणही आहे. १७ मे १९४० रोजी, दुसऱ्या महायुद्धात, झीलंडची राजधानी मिडेलबर्ग जळाली. तिथल्या अभिलेखागारात ठेवलेल्या गावोगावच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या कितीतरी वह्या त्या आगीत गेल्या. झीलंडमधल्या कुठल्याही कुळाचा शोध घेणाऱ्याला आजही हा खड्डा ओलांडावा लागतो. तिथे करारपत्रं, करवसुलीच्या याद्या आणि आधी कुणी उतरवून ठेवलेल्या नकला यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मिडेलबर्गने रूझवेल्टांशी नातं मात्र जिवंत ठेवलं आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या जन्मशताब्दीपासून, १९८२ पासून, त्यांच्या भाषणातल्या 'चार स्वातंत्र्यां'च्या नावाचे पुरस्कार तिथे दिले जातात, आणि २००४ मध्ये सुरू झालेलं तिथलं महाविद्यालय रूझवेल्ट हेच नाव लावतं.

रूझवेल्ट मूळचे ज्यू होते, हे खरं का?

या समजाला कागदाचा आधार नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या विरोधकांनी, आणि नाझी प्रचाराने, ही आवई मुद्दाम उठवली. उपलब्ध नोंदी सगळ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या आहेत.

मला जास्त मोलाचं वाटतं ते फ्रँकलिन यांचं उत्तर. १९३५ मध्ये डेट्रॉइटच्या एका ज्यू वृत्तपत्राच्या संपादकाने त्यांना पत्र लिहून सरळ विचारलं. त्यांनी कळवलं की आपले दूरचे पूर्वज ज्यू असतील, कॅथलिक असतील किंवा प्रोटेस्टंट असतील. ते चांगले नागरिक होते का आणि देवावर श्रद्धा ठेवणारे होते का, यात आपल्याला अधिक रस आहे, आणि ते दोन्ही असावेत अशी आशा आहे. द्वेषाने भारलेल्या त्या दिवसांत 'छे, आम्ही ज्यू नाही' असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही.

'व्हान' केव्हा गळाला आणि रूझवेल्ट हे रूप केव्हा पक्कं झालं?

क्लासचा मुलगा निकोलास (१६५८ ते १७४२) याच्या काळात. १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू ॲम्स्टरडॅम घेतलं आणि गावाचं नाव न्यूयॉर्क झालं. इंग्रजी दफ्तरात माणसाला बापाच्या नावाने ओळखण्याची पद्धत चालेना. पिढ्यानपिढ्या टिकणारं एक आडनाव हवं होतं. डच कुटुंबांनी मग हाताशी होतं ते धरलं. कुणी गाव, कुणी धंदा, तर कुणी आजोबाचं नावच कायम केलं.

निकोलासने जमिनीचं नाव ठेवलं, 'व्हान' सोडला आणि बापाच्या नावाचा भागही गेला. काही वर्षं हडसन नदीकाठच्या एसोपस भागात केसाळ कातड्यांच्या व्यापारात काढून तो शहरात परतला आणि नगरसेवक झाला. घराण्यातलं पहिलं राजकीय पद ते हेच. तरीही एकाच माणसाच्या नावाची अक्षरं कागदागणिक बदलत राहिली, कारण लिहिणारा कारकून कानाला येईल तसं उतरवी. आडनावाचं स्पेलिंग निराळं दिसलं की कुटुंबही निराळं, असा निष्कर्ष या काळापुरता काढूच नये.

उलट उदाहरण व्हँडरबिल्ट या अमेरिकेतल्या दुसऱ्या डच वंशाच्या घराण्याचं. उट्रेख्टजवळच्या डे बिल्ट गावचा यान आर्टसन १६५० च्या सुमारास करारबद्ध मजूर म्हणून आला. त्याच्या वंशजांनी 'व्हान डर बिल्ट' ठेवलं आणि इंग्रजी लिखाणात तिन्ही शब्द एकमेकांना चिकटले.

नेपोलियनने डच लोकांना आडनावं घ्यायला लावली, त्याचा इथे काही संबंध?

इथे नाही. तो हुकूम १८ ऑगस्ट १८११ चा, आणि तोवर रूझवेल्ट अमेरिकेत दीडशे वर्षं मुरले होते. नेदरलँड्समध्येही बहुतेकांची आडनावं आधीपासून होतीच. लोकांनी फ्रेंचांची टर उडवायला विचित्र आडनावं लिहून दिली, ही गोष्ट ऐकायला मजेची आहे, पण त्यातली पुष्कळ आडनावं १८११ च्या कितीतरी आधीच्या कागदांत सापडतात.

ऑयस्टर बे आणि हाइड पार्क या शाखा कुठे फुटल्या?

निकोलासच्या दोन मुलांपासून. योहानेस (१६८९ ते १७५०) याच्यापासून ऑयस्टर बे शाखा, थिओडोर तिच्यातले. याकोबस (१६९२ ते १७७६) याच्यापासून हाइड पार्क शाखा, फ्रँकलिन तिच्यातले. ही गावांची नावं शाखांना खूप नंतर लागली, शाखा फुटल्या तेव्हा सगळे न्यूयॉर्क शहरातच राहत होते. थिओडोर १८५८ मध्ये मॅनहॅटनमध्येच जन्मले, आणि सात पिढ्या आमच्याकडचा प्रत्येक जण याच बेटावर जन्मला, याचा त्यांना सार्थ अभिमान होता.

फ्रँकलिन यांची ओळ नावांमुळे डोळ्यांत भरते: याकोबस, मग आयझॅक (१७२६), जेम्स (१७६०), आयझॅक (१७९०), जेम्स (१८२८) आणि शेवटी फ्रँकलिन (१८८२). जेम्स हे याकोबसचंच इंग्रजी रूप. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची डच रीत इंग्रजी नावांच्या पोटात इतकी वर्षं टिकली. वंशावळ मांडणाऱ्याला ही रीत वाट दाखवते, पण ती पायात पायही अडकवते. जन्मसाल जोडीला लिहिलं नाही, तर दोन आयझॅक एक होऊन जातात.

एलेनॉर यांचं लग्न घरातल्या घरातच झालं होतं का?

माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच असल्यामुळे मराठी वाचक हे हमखास विचारतात. एलेनॉर या फ्रँकलिन यांच्या पत्नी, आणि थिओडोर यांच्या धाकट्या भावाची, एलियट यांची मुलगी. थिओडोर आणि फ्रँकलिन यांचा सामायिक पूर्वज निकोलास. दोघेही त्याच्यापासून सहाव्या पिढीत. एलेनॉर सातव्या. इतकं नातं ख्रिस्ती रिवाजात लग्नाच्या आड येत नव्हतं. १७ मार्च १९०५ रोजी न्यूयॉर्कमध्ये विवाह झाला, आणि वडील हयात नसल्यामुळे राष्ट्राध्यक्ष असलेल्या काकांनीच कन्यादान केलं. एलेनॉर १९५२ मध्ये भारतात आल्या होत्या आणि मुंबईलाही गेल्या होत्या. त्यांचे वडील त्याआधी, १८८०-८१ मध्ये, शिकारीसाठी भारतात येऊन गेले होते.

घराण्याकडे पैसा आला कुठून?

व्यापारातून, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा. आयझॅक (१७२६ ते १७९४) यांचा कच्ची साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, १७८८ मध्ये अमेरिकी राज्यघटनेला मान्यता देणाऱ्या न्यूयॉर्कच्या परिषदेत होते, आणि बँक ऑफ न्यूयॉर्कचे ते अध्यक्षही होते. पुढे आरशाच्या जाड काचांची आयात, जमिनी आणि बँका यांतून पैसा वाढला.

ही साखर यायची कॅरिबियन बेटांवरून, गुलामांनी पिकवलेल्या उसाची. कुलवृत्तांत लिहिणारे हे पान बहुधा भरभर उलटतात. ते उलटू नये असं मला मनापासून वाटतं. न्यूयॉर्क शहरातही घरोघरी गुलाम होते आणि रूझवेल्टांकडेही होते. १८ मार्च १७४१ रोजी शहरातला जॉर्ज किल्ला पेटला. पाठोपाठ आणखी आगी लागल्या आणि गुलामांनी कट केला असा गवगवा झाला. जॉन रूझवेल्ट यांच्या मालकीचा क्वॅक आणि फिलिप्स घराण्याच्या मालकीचा कफी यांना ३० मे १७४१ रोजी जिवंत जाळण्यात आलं. क्वॅकचं नाव आपल्यापर्यंत आलं ते खटल्याच्या कागदांमुळे. त्याला आडनाव लावण्याची मुभा नव्हती. तो अमक्याचा क्वॅक एवढीच त्याची ओळख. आडनावाच्या इतिहासात त्याची जागा असायलाच हवी.

घराण्यात डच भाषा किती दिवस टिकली?

थिओडोर यांचे आजोबा कॉर्नेलियस (१७९४ ते १८७१) यांना थोडीफार डच येत असे. त्यांच्या लहानपणीच न्यूयॉर्कच्या डच चर्चमधली नेहमीची डच उपासना थांबली. म्हणजे इंग्रज आल्यानंतरही भाषा जवळजवळ दीड शतक तगली. हडसन खोऱ्यात ती आणखी घट्ट होती: १७८२ मध्ये किंडरहुक गावी जन्मलेले राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हान ब्युरेन यांची मातृभाषा डच, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ यांचीही पहिली भाषा डचच.

थिओडोर यांच्यापर्यंत पोचलं ते फक्त एक बडबडगीत. 'ट्रिप्पे ट्रोप्पा ट्रोन्येस' अशी त्याची सुरुवात. मांडीवर बसवून बाळाला झुलवत म्हणायचं: डुकरं शेंगांत, गाई हिरव्या चाऱ्यात, घोडे ओटच्या पिकात, बदकं पाण्यात. पुढे आफ्रिकेत त्यांना बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे, वसाहतकरी भेटले, आणि त्या घरांतही अशी गाणी म्हटली जात असल्याचं पाहून त्यांना फार आनंद झाला. बोअरांचे पूर्वज केपच्या वसाहतीत गेले ते १६५२ नंतर, म्हणजे क्लास न्यू ॲम्स्टरडॅमला गेला त्याच सुमारास. एकाच देशातून निघालेले दोन प्रवाह अडीच शतकांनी समोरासमोर आले आणि गाणं जुळलं.

फ्रँकलिन यांच्या नावातलं 'डेलानो' हेही डच का?

ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. मूळ पुरुष फिलिप डे लानोय. तो हॉलंडमधल्या लायडन शहरातला, पण कुटुंब फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं. तो १६२१ मध्ये 'फॉर्च्युन' जहाजाने अमेरिकेतल्या प्लिमथला पोचला.

हॉलंडहून आला म्हणजे डचच, असं धरता येत नाही ते यामुळे. १६४३ मध्ये न्यू ॲम्स्टरडॅमला गेलेल्या इझाक जोग या धर्मगुरूला तिथे अठरा भाषा बोलल्या जातात असं सांगण्यात आलं होतं.

हे डच आणि वेंगुर्ल्याचे डच एकच का?

देश एक, कंपन्या दोन. वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची, ती १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची. न्यू नेदरलँड होतं १६२१ मध्ये स्थापन झालेल्या डच वेस्ट इंडिया कंपनीकडे. एकीकडे गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणारी वखार, दुसरीकडे शेतकऱ्यांना बायकामुलांसह वसवणारी वसाहत. त्यामुळे मागे राहिलेले कागदही वेगळे: वखारीचे हिशेब आणि पत्रं, वसाहतीच्या बाप्तिस्मा वह्या आणि खरेदीखतं.

एखाद्या डच आडनावाचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

जवळच्या पिढीपासून मागे जावं, प्रसिद्ध पूर्वजापासून पुढे येऊ नये. १८११ नंतरच्या काळासाठी नेदरलँड्समधल्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी उत्तम आहेत आणि 'वी वास वी' या संकेतस्थळावर शोधता येतात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या. हेगचं वंशावळ केंद्र आडनावांचा मोठा संग्रह सांभाळतं. आडनाव कोणत्या भागात दाट आहे याचे नकाशेही मिळतात. ॲम्स्टरडॅमच्या नगर अभिलेखागारात लग्नाआधीच्या नोंदी विशेष पाहाव्यात, त्यांत वर-वधूचं मूळ गाव लिहिलेलं असतं. एकच पूर्ण नाव दोन ठिकाणी आढळलं तर घाईने जोडू नये. बायकोचं नाव, साक्षीदार, धंदा, यांपैकी निदान एक गोष्ट जुळली पाहिजे.

मराठीत रूझवेल्ट लिहावं की रोझवेल्ट?

डच भाषेत जोड 'ओ'चा उच्चार दीर्घ 'ओ' असाच होतो. थिओडोर यांनीही १८९८ मध्ये पत्रातून कळवलं होतं की आडनावाचे अवयव तीन आणि पहिला 'रोझ'. म्हणजे 'रोझवेल्ट' हेच उच्चाराला धरून आहे. मराठीत 'रूझवेल्ट' रुळलं ते इंग्रजी अक्षरांवरून, आणि शोधताना बहुतेक वाचक तेच लिहितात, म्हणून या पानावर ते ठेवलं आहे.